मापटं, मोळी आणि वजनकाटा

दसऱ्याचं सोनं लुटून झालं की बीड जिल्ह्यातल्या वाड्यांवर आणि तांड्यांवर ऊसतोडीला निघायची बांधाबांध सुरू होते. पत्र्याच्या पेट्या, ज्वारी-बाजरीची पोती, पाण्याचे ड्रम, चुलीपुरती लाकडं, पाय बांधलेल्या कोंबड्या आणि या सगळ्याच्या वर बसलेली लेकरं. ट्रॅक्टर निघतो तो सांगली, कोल्हापूर, सातारा, सोलापूर, नाहीतर थेट कर्नाटकातल्या एखाद्या साखर कारखान्याच्या वाटेला लागतो. हा अंक तुमच्या हातात पडेल तोवर धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार, केज, गेवराई आणि आष्टी तालुक्यांतली कितीतरी गावं निम्मीशिम्मी रिकामी झालेली असतील. माणसं परततील ती पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, मार्च-एप्रिलात.

शाळेच्या बाजूनं याचा हिशेब मांडला तर असं दिसतं. जूनच्या मध्यावर शाळा उघडते. जुलै-ऑगस्टात मूल जरा रुळतं, सहामाही होते न होते तोच ते निघून जातं. परत येतं तेव्हा वर्ष संपत आलेलं असतं. आईबापांबरोबर जाणाऱ्या मुलाला वर्षाकाठी जेमतेम साडेचार-पाच महिन्यांची शाळा मिळते. मधल्या पाच महिन्यांत पुस्तक पेटीच्या तळाशी जातं. तोंडपाठ केलेले पाढे, व्याख्या, उत्तरं मार्चपर्यंत विरून जातात. वर्ग पुढे गेलेला असतो आणि मूल पहिल्या पानावरच उभं राहतं.

पण पाच महिन्यांनी सगळंच पुसलं जातं असं नाही. मोळी कशी बांधायची, वाढ्यांची पेंडी केवढी करायची, बैलाला कोणत्या बाजूनं जुवाखाली घ्यायचं, कोपीची, म्हणजे फडावरच्या झोपडीची, कामटी किती वाकवली की मोडत नाही, हे या मुलांना कधीही विचारा. हातातून, डोळ्यांतून, नाका-कानांतून आत गेलेलं असतं, म्हणून ते टिकतं. हातांनी आणि इंद्रियांनी शिकणं हा शहरातल्या महागड्या शाळांचा शौक समजला जातो. माझं म्हणणं असं की महाराष्ट्रात त्याची सगळ्यांत निकड कुठे असेल तर ती इथे, बालाघाटच्या या डोंगरपट्ट्यात आहे. ज्या मुलाला निम्म्या वर्षाचीच शाळा मिळणार आहे, त्याला दिलेला प्रत्येक पाठ टिकाऊच असायला हवा.

हे शिकवणं कसं असतं, ते एका पाठातून सांगतो. विषय तिसरी-चौथीचा, वजन आणि अपूर्णांक. साहित्यात हातभर लांबीची सरळ काठी, तेलाचे दोन सारखे रिकामे डबे, सुतळी, नदीतली वाळू आणि दुकानातून आणलेला मिठाचा एक किलोचा पुडा. काठीच्या मधोमध सुतळी बांधायची, दोन टोकांना डबे लटकवायचे. काठी आडवी राहत नाही, एका बाजूला कलते. मग सुतळी इकडे-तिकडे सरकवत मध्य शोधायचा. इथे दहा-पंधरा मिनिटं जातात आणि ती जाऊ द्यावीत, कारण मध्य हा मोजण्याआधी हाताला जाणवावा लागतो. काठी स्थिर झाली की एका डब्यात मिठाचा पुडा ठेवायचा आणि दुसऱ्यात वाळू ओतत जायचं. दोन्ही डबे समपातळीत आले की वाळू एक किलो झाली. आता मीठ बाजूला काढायचं आणि तीच वाळू दोन्ही डब्यांत अशी वाटायची की काठी पुन्हा आडवी व्हावी. प्रत्येक डब्यात अर्धा किलो आला. एक डबा रिकामा करून उरलेली अर्धा किलो पुन्हा दोन्हीकडे वाटली की पाव किलो. पुन्हा एकदा, की आतपाव. फळ्यावर रेघेच्या वर एक आणि खाली आठ लिहिण्याआधी मुलानं एक-अष्टमांश तळहातावर तोललेला असतो. छेद वाढला की वाटा लहान होतो, ही गोष्ट पाचवी-सहावीतल्या मुलांनाही चकवते, कारण आठ हा आकडा चारापेक्षा मोठा असतो. वाळू ज्यानं तीन वेळा निम्मी केली त्याला ती चकवत नाही.

पाठाचा सगळ्यांत महत्त्वाचा भाग याच्याही पुढे आहे. दोन्हीकडचं वजन सारखं दिसतंय ना, मग आता डब्यांतला माल अदलाबदल करायचा. मीठ होतं तिथे वाळू, वाळू होती तिथे मीठ. काठी आडवीच राहिली तर तराजू खरा. कलली तर तराजूतच खोट आहे, मग मध्य चुकलाय की एक डबा जड आहे ते शोधायचं. काट्यावर डोळे झाकून विश्वास ठेवायचा नाही, तो तपासता येतो, हे नऊ वर्षांच्या मुलीला दोन डबे आणि एका काठीत कळतं.

बीडच्या मुलांना हे कळणं का गरजेचं आहे, ते या जिल्ह्याबाहेरच्या वाचकासाठी थोडं उलगडून सांगायला हवं. ऊसतोडीत एक कोयता म्हणजे एक जोडपं. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घ्यायची आणि ती टनावर फेडायची. जानेवारी २०२४ मधल्या दरवाढीनंतर तोडणीचा दर टनाला सुमारे ३६६ रुपयांवर गेला. आता हे गणित पाचवीच्या वर्गात मांडून पाहा. उचल एक लाख रुपये असेल तर ती फिटायला किती टन ऊस तोडावा लागेल? सुमारे २७३ टन. एक कोयता दिवसाला दोन टन तोडतो असं धरलं तर १३७ दिवस. एक नोव्हेंबरला कोयता चालवायला सुरुवात केली, एकही सुट्टी घेतली नाही, कुणी आजारी पडलं नाही, तरी मार्चचा मध्य उजाडतो. अख्खा हंगाम उचलीत गेला. पुढचा प्रश्न काट्याचा. समजा टनामागे पन्नास किलो कमी धरले गेले, तर एका कोयत्याचं हंगामात किती नुकसान होईल? जवळपास पाच हजार रुपये, म्हणजे सात दिवसांची तोड. काटामारी हा शब्द या लेकरांनी कोपीत शंभरदा ऐकलेला असतो. तिचा आकडा काढता येणं ही वेगळी ताकद आहे, आणि ती द्यायचं काम शाळेचं आहे. पाठ्यपुस्तकातला दुकानदार सफरचंदं विकतो. त्या सफरचंदांच्या जागी मोळ्या घातल्या की गणित तेच राहतं, पण मुलाच्या डोळ्यांत जे चमकतं ते वेगळं असतं.

आपल्याकडे हे नवं आहे असंही नाही. जुन्या पंतोजींच्या शाळेत मुलं धूळपाटीवर बोटानं अक्षर गिरवत. बोटाच्या टोकाला अक्षराचं वळण आधी कळे आणि डोळ्यांना मागाहून. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी हे पाढे बाजारातल्या पावशेर-अच्छेराशी जोडलेले होते. मराठवाड्यातल्या जुन्या घरांत आजही कोठीत किंवा माळ्यावर लाकडी-लोखंडी मापं सापडतात. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. म्हणजे चिपटं पायलीच्या सोळाव्या हिश्श्याचं. ही मापं वर्गात आणून ज्वारी मापायला लावली तर अपूर्णांकांचा गुणाकार तासाभरात समजतो, आणि आजीला विचारून यायला सांगितलं तर आजीही शाळेत येते. हंगामात मागे राहिलेल्या मुलांची जबाबदारी बहुतेक वेळा आजी-आजोबांवरच असते, म्हणून आजीचं शाळेत येणं ही छोटी बाब नाही.

पंतोजींच्या पद्धतीत दोषही मोठे होते. छडी होती, घोकंपट्टी होती, आणि कुणाच्या लेकरानं पाटी धरायची हे जातीवरून ठरत होतं. इंद्रियांनी शिकण्याला शास्त्राचा आधार आणि सर्वांसाठी दार, या दोन्ही गोष्टी विसाव्या शतकात आल्या. मारिया मॉन्टेसरी यांनी १९०७ साली रोमच्या सॅन लोरेंझो या गरीब वस्तीत पहिलं बालगृह उघडलं, तिथे मुलं खरखरीत कागदाच्या अक्षरांवरून बोट फिरवून लिहायला शिकली. गिजुभाई बधेका यांच्याबरोबर भावनगरला काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ साली आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला बालवाडी सुरू केली आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. पुढे कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी वारली मुलांसाठी जे उभं केलं, त्यातली एक गोष्ट बीडसाठी फार मोलाची आहे. मॉन्टेसरीचं साहित्य महाग होतं, परदेशी होतं. ताराबाई-अनुताईंनी त्याच्या जागी शंख-शिंपले, बिया, गोटे, पानं, बांबू आणले. मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर शाळा पाड्यावर नेली, गुरांमागे जाणाऱ्या मुलांसाठी कुरणात नेली. मूल जिथे आहे आणि त्याच्या हाताला जे लागतं तिथून सुरुवात, हे त्यांनी करून दाखवलं. ऊसतोडीच्या फडापासून कुरणशाळा फार लांब नाही.

पुढचं नाव डॉ. श्रीनाथ कलबाग यांचं. हिंदुस्थान लिव्हरमधल्या संशोधनाच्या कामानंतर ते पुणे जिल्ह्यातल्या पाबळ या कोरडवाहू गावी गेले आणि १९८३ साली त्यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. त्यांच्या अभ्यासक्रमात आठवी ते दहावीची मुलं आठवड्यातला एक दिवस कामाला देतात. वेल्डिंग-सुतारकाम-बांधकाम, वीज आणि ऊर्जा, शेती आणि जनावरं, घर आणि आरोग्य असे त्याचे चार भाग. मुलं शाळेसाठी बाक बनवतात, गावातल्या माणसांचे रक्तगट तपासतात, आणि केलेल्या प्रत्येक कामाचा खर्च काढतात. हा शेवटचा भाग मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. काम करून झाल्यावर बसून त्याचा हिशेब लिहिणं, त्याचं चित्र काढणं, चुकलं कुठे ते शोधणं. यातून हाताचं काम डोक्यात उतरतं. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रूनर यांनी शिकण्याचे तीन टप्पे सांगितले, आधी वस्तू हाताळणं, मग तिचं चित्र, मग चिन्ह. आपल्या वर्गांत बहुतेक वेळा तिसऱ्या पायरीवरून सुरुवात होते. फक्त पहिल्या पायरीवर थांबलं तरी शिक्षण अर्धवटच राहतं.

आता एक आक्षेप, जो या जिल्ह्यात वारंवार ऐकायला मिळतो आणि जो मला पूर्णपणे रास्त वाटतो. हातानं काम करूनच आमचा जन्म गेला, आता लेकराच्या हातात पुन्हा माती-लाकूड कशाला देता? त्याला पुस्तक द्या, इंग्रजी द्या. ऊसतोड कामगार आई-बाप असं म्हणतात तेव्हा त्यामागे पिढ्यांचा अनुभव असतो. ज्या समाजात हातानं राबणं आणि खालच्या जातीचं असणं एकच मानलं गेलं, तिथे पुस्तक ही सुटकेची वाट होती आणि आहे. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी नई तालीम मांडली, झाकिर हुसेन समितीनं तिचा अभ्यासक्रम आखला. हस्तोद्योगातून सगळे विषय शिकवायचे, हा विचार मोठा होता. पण पुष्कळ शाळांत टकळी तेवढी फिरत राहिली आणि तिच्यातून गणित-विज्ञान काढण्याचं काम मागे पडलं. पालकांना ती गरिबांसाठीची दुय्यम शाळा वाटू लागली. त्यांचं चुकलं असं म्हणवत नाही.

म्हणून बीडमध्ये हे काम करणाऱ्यानं एक रेघ ठळक आखून घ्यावी. फडात आईला मोळ्या गोळा करू लागणारं मूल काम करत असतं, शिकत नसतं. तिथे थांबून का असं विचारायला उसंत नसते, चुकायला परवानगी नसते, थकल्यावर सोडून देता येत नाही. लहान भावंडाला कडेवर घेऊन कोपी राखणाऱ्या दहा वर्षांच्या मुलीला जीवनशिक्षण मिळतंय असं कुणी म्हणत असेल तर ते तिच्यावर अन्याय करणं आहे. तिची जागा शाळेत आहे, २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं तो तिचा हक्क आहे. शाळेनं करायचं ते इतकंच की तिच्या हातात आलेलं ज्ञान अज्ञान समजून दारात काढून ठेवायला लावू नये. कोपीची अर्धगोल कमान तिनं बापाबरोबर उभी केलेली असते. त्या कमानीवरून वर्तुळ, व्यास आणि परीघ शिकवता येतो. बांबूच्या किती लांबीच्या कामटीतून किती रुंदीची कोपी होते, हे दोरीनं मोजून पाहिलं की रुंदीच्या दीडपटीहून थोडी जास्त कामटी लागते असं दरवेळी निघतं. मुलांनी ते स्वतः शोधलं की मग बाईंनी पायचं नाव सांगावं. त्या कमानीवरून मूल पुढे बीजगणितात जातं, इंग्रजीत जातं, हवं तिथे जातं. हातांपासून सुरुवात करायची ती पुस्तकापर्यंत पोचण्यासाठी.

जिल्ह्यात शिकवायला जागा किती आहेत! बीड शहराच्या दक्षिणेला सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात, निजामशाहीच्या काळात बांधलेली खजाना विहीर आहे. तिच्या आत भुयारी मार्गानं पाणी येतं आणि भुयारातूनच बाहेर शेतांकडे जातं. पंप नाही, वीज नाही, सगळं काम जमिनीच्या उताराचं. दुष्काळ ज्या जिल्ह्याच्या पाचवीला पुजलाय, तिथल्या प्रत्येक मुलानं ही विहीर पाहायला हवी. पण सहलीला नेऊन, रांगेत उभं करून, पाटीवरची माहिती वाचून दाखवली तर ती सहलच राहील. जाण्याआधी शाळेच्या आवारात गवंड्याची पाण्याची नळी घेऊन दोन मुलांना दोन टोकांना उभं करावं. पारदर्शक नळीतलं पाणी दोन्हीकडे एकाच पातळीला राहतं, मग डोळ्यांना सपाट दिसणारं आवार खरं तर केवढं उतरतं आहे ते मोजपट्टीवर कळतं. हे स्वतः मोजलेलं मूल विहिरीच्या काठावर उभं राहिलं की चारशे वर्षांपूर्वीच्या माणसांनी जमिनीखालून हा उतार कसा साधला असेल, हा प्रश्न त्याच्याच तोंडून येतो.

आणि आत्ता, या दिवाळीच्या तोंडावर, बालाघाटच्या डोंगरात सीताफळं आहेत. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. मुलांना ते ठाऊक नसलं तरी डोळे उघडलेलं फळ कोणतं, कोणतं अढीत किती दिवस घालायचं, वास कधी गोड होतो, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. एका टोपलीतून चार दिवसांचं विज्ञान निघतं. कच्चं फळ आणि पिकलेलं फळ रोज वजन करून वहीत लिहायचं. बोटानं दाबून कडकपणाची नोंद करायची. खाऊन झाल्यावर प्रत्येकानं आपल्या फळातल्या बिया मोजायच्या आणि सगळ्यांचे आकडे फळ्यावर मांडायचे. फळ मोठं असलं की बिया जास्त असतात का? अंदाज आधी, मोजणी नंतर. सरासरीचा पाठ असा तोंडाला गोडवा आणून शिकवता येतो. बिया मात्र लगेच गोळा करून घ्याव्यात आणि मुलांना हात धुवायला लावावेत, त्यांची पूड डोळ्यांत गेली तर इजा होते.

हे कोण करणार, असा प्रश्न विचारला जातो तेव्हा मला बीडच्या शिक्षकांची आठवण करून द्यावीशी वाटते. २०२२ च्या राष्ट्रीय शिक्षक पुरस्कारांत महाराष्ट्रातले तिघे होते, त्यांतले दोघे बीड जिल्ह्यातले आणि दोघेही जिल्हा परिषदेच्या शाळांतले. पारगाव जोगेश्वरीचे सोमनाथ वाळके आणि गेवराई तालुक्यातल्या दामू नाईक तांड्यावरचे शशिकांत कुलथे. शिरूर कासार तालुक्यात आर्वी इथे दीपक आणि कावेरी नागरगोजे २००० सालापासून शांतिवन चालवतात, तिथे ऊसतोड कामगारांची आणि आधार हरपलेली मुलं राहून शिकतात. माणसांची वानवा नाही. वानवा आहे ती वेळेची. निवडणुका, सर्वेक्षणं, रोजच्या ऑनलाइन नोंदी, पोषण आहाराचे हिशेब, आणि दोन शिक्षकांवर चार वर्ग. वाळू निम्मी-निम्मी करायला पाऊण तास लागतो. माहिती भरायची लिंक बंद व्हायला अर्धा तास उरलेला असताना कुठलाही शिक्षक फळ्यावर एक भागिले आठ लिहून मोकळा होईल. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं अनुभवातून शिकण्याचा आग्रह धरला, सहावी ते आठवीसाठी दहा दिवस बिनदप्तराचे सुचवले, २०२३ साली लहान मुलांसाठी जादुई पिटारा ही खेळ-साहित्याची पेटी आली. धोरणात कमी काही नाही. पण पेट्या फुटतील, हरवतील, लेखापरीक्षणात विचारणा होईल या धास्तीनं साहित्य कपाटात कुलूपबंद राहतं. खेळून फुटलेल्या साहित्याबद्दल शिक्षकाला जाब विचारणार नाही, एवढा साधा आदेश कुणीतरी काढायला हवा.

मोठी संधी हंगामी वसतिगृहांत आहे. आई-बाप तोडीला गेल्यावर मूल गावातच राहावं, शाळेनं त्याला दोन वेळचं जेवण द्यावं, अशी ही योजना. शिवाय २०२१ साली राज्य सरकारनं ऊसतोड कामगारांच्या मुला-मुलींसाठी संत भगवानबाबा यांच्या नावानं ८२ शासकीय वसतिगृहं मंजूर केली. गावातल्या हंगामी वसतिगृहाकडे बहुतेक वेळा जेवणाची सोय म्हणून पाहिलं जातं. शाळा सुटल्यापासून झोपेपर्यंतचे चार-पाच तास रिकामेच असतात, आणि ज्या मुलांची आई शेकडो किलोमीटर लांब आहे त्यांना तेच तास सगळ्यांत जड जातात. तराजू, मापं, चाकं, भिंगं, पाण्याची नळी, काड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब यांची जागा या तासांत आहे. खेळण्यांतून विज्ञान शिकवणाऱ्या अरविंद गुप्ता यांनी काडी आणि व्हॉल्व्ह ट्यूबमधून भूमितीचं अख्खं दालन उघडून दिलंय, खर्च शंभर रुपयांच्या आत. अंधार पडल्यावर नोव्हेंबर ते मार्च बालाघाटावरचं आकाश स्वच्छ असतं. मृग नक्षत्रातलं तिकांडं कुठून उगवलं, किती वाजता डोक्यावर आलं, हे महिनाभर लिहून ठेवलं तर पृथ्वीच्या फिरण्याचा पाठ होतो, आणि फडावरच्या आईला फोनवर सांगायला रोज एक गोष्ट मिळते.

यासाठी वसतिगृह ट्रॅक्टर निघायच्या आधी सुरू झालेलं असावं लागतं. मंजुरी अनेकदा उशिरा येते, तोवर मूल ट्रॅक्टरवर चढून गेलेलं असतं. आईला नातेवाइकांकडे मूल ठेवायचं की सोबत न्यायचं हे पेट्या भरताना ठरवावं लागतं आणि तेव्हा तिला जेवणाचं ताट दिसलं नाही तर ती मूल मागे ठेवत नाही. मुकादम उचल पावसाळ्यातच वाटून मोकळा होतो. वसतिगृहाचा आदेश आणि पहिल्या महिन्याचा किराणा निदान घटस्थापनेपर्यंत शाळेत पोचायला हवा.